एकच ओझं, तीन हेलिकॉप्टरं: डीसीएसमधल्या तुलनेच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

दिवाळीचे पाहुणे गेले, टेबल मोकळं झालं. बरेच दिवस मनात असलेलं काम आता सुरू करतोय.

डीसीएस, म्हणजे डिजिटल कॉम्बॅट सिम्युलेटर या संगणकावरच्या उड्डाण-सिम्युलेटरमध्ये, लष्करी वाहतुकीची तीन हेलिकॉप्टरं मॉड्यूल म्हणून, म्हणजे वेगळी घ्यायची जोड म्हणून, मिळतात: बेलचं यूएच-१एच ह्यूई, मिलचं एमआय-८एमटीव्ही२ आणि या जुलैपासून अर्ली ॲक्सेसमध्ये (पूर्ण होण्याआधीच विक्रीला) आलेलं बोईंगचं सीएच-४७एफ चिनूक. ह्यूई माझ्याकडे जुनं आहे. चिनूक नुकतंच घेतलं. एमआय-८ ची चौदा दिवसांची मोफत चाचणी मिळते, ती डिसेंबरात घेईन. ब्लॅक हॉकचं यूएच-६०एल हे फुकटचं हौशी मॉडही आहे, पण ते यादीत घेत नाही. तीनच पुरेत.

यातलं भारी कोणतं, असं विचारलं की लोक तक्ता पुढे करतात. ह्यूईचं कमाल वजन ४३०९ किलो, एमआय-८ चं १३००० आणि चिनूकचं २२६८०. झाली तुलना! पण या आकड्यांवरून डोंगरात काय होईल ते कळत नाही. मला बघायचंय ते एवढंच: ओझं घेऊन उंचावर उतरताना, शेवटच्या शंभर मीटरांत, कोणत्या यंत्रापाशी किती ताकद शिल्लक राहते आणि ती संपत आलीय हे ते यंत्र वैमानिकाला कसं कळवतं.

तिन्ही एकाच सिम्युलेटरमध्ये उडवणार, कारण हवा एकच हवी. एक्स-प्लेनमध्येही चिनूक आहे, पण तिथली हवा वेगळी, जमिनीचं गणित वेगळं. दोन सिम्युलेटरांतल्या दोन हेलिकॉप्टरांची तुलना केली तर शेवटी तुलना सिम्युलेटरांचीच होते.

१० नोव्हेंबर, रविवार

मिशन तयार केलं. नकाशा काकेशसचा. तो डीसीएससोबत फुकट येतो आणि त्यातले डोंगर पुरेसे उंच आहेत.

निघायचं नालचिक विमानतळावरून. बक्सान नदीची दरी धरायची, तिर्निआउझवरून वर चढत जायचं आणि एल्ब्रुसच्या पायथ्याशी, तेर्स्कोल जिथे आहे त्या भागात उतरायचं. सरळ रेषेत हे अंतर साधारण ९५ किलोमीटर भरतं. दरी वळणावळणाची आहे, त्यामुळे प्रत्यक्ष उड्डाण जास्त. उतरण्याची जागा २१०० मीटरच्या आसपास, तिथे एक फार्प मांडला. फार्प म्हणजे आघाडीवरचा इंधन-दारूगोळ्याचा तात्पुरता तळ. दुसरी जागा वरच्या धारेवर ठेवलीय, अरुंद, एका बाजूला कडा. ती नंतर लागेल.

महिना जुलै, समुद्रसपाटीचं तापमान ३० अंश. प्रमाणित वातावरणात २१०० मीटरवर जेमतेम दीड अंश असायला हवा. इथे सोळाच्या घरात आहे. म्हणजे पंधरा अंशांची चढ. रोटरच्या लेखी ही जागा २१०० मीटरवर नसून जवळजवळ २६५० मीटरवर आहे. पुस्तकात घनता-उंची म्हणून एक कोरडं प्रकरण असतं, ते इथे थेट हाताला जाणवतं.

एक त्रुटी आत्ताच लिहून ठेवतो. डीसीएसमध्ये वारा जमिनीवर आणि वरच्या थरांत वेगवेगळा लावता येतो, पण डोंगराला धडकून वर चढणारा किंवा धारेपलीकडे खाली दाबणारा वारा त्यात नाही. खऱ्या डोंगरात वैमानिकाचं निम्मं लक्ष त्या वाऱ्याकडे असतं. तेव्हा या नोंदींतल्या निष्कर्षांत वाऱ्याची बाजू लंगडी आहे.

ओझ्यासाठी ट्रिगर लावले. मिशन एडिटरमधून पोटातल्या मालाचं वजन किलोत घालता येतं. खोकी दिसत नाहीत, पण वजन लागतं, आणि मला तेवढंच हवंय.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळीच शाई लावून आलो आणि दिवसभर कलेक्टिव्ह, म्हणजे हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा दांडा, जोडत बसलो.

लढाऊ विमानाच्या थ्रॉटलवर हेलिकॉप्टर उडवता येतं, बरेच जण उडवतात. पण थ्रॉटल पुढे ढकलला की ताकद वाढते आणि कलेक्टिव्ह वर ओढला की वाढते. शिवाय थ्रॉटलचा प्रवास आखूड असतो. उंचावर हॉवर करताना, म्हणजे हवेत एका जागी थांबताना, काम अर्ध्या सेंटिमीटरचं असतं. म्हणून पीव्हीसीच्या पाइपचा लांब दांडा केला, बुंध्याला चुंबक आणि हॉल सेन्सर, मागे आर्डुइनो प्रो मायक्रो हा छोटा सर्किट बोर्ड. सेन्सर पुण्याच्या मित्राने तापकीर गल्लीतून घेऊन पाठवला. साधा पोटेन्शिओमीटर मुद्दाम टाळला. धूळ बसली की तो मधल्या टप्प्यात थरथरतो. दांडा सोडला तरी जागेवर राहावा म्हणून सायकलच्या ब्रेकचं रबर घट्ट बसवलं. तिन्ही हेलिकॉप्टरांना हाच दांडा, हाच ॲक्सिस, संवेदनशीलता बदलणारा कर्व्ह नाही.

कालच मायक्रोसॉफ्टचा नवा फ्लाइट सिम्युलेटर आलाय. मोह आवरला.

२३ नोव्हेंबर, शनिवार

बाहेरच्या खोलीत निवडणुकीच्या निकालाचा गलका, आत लायकॉमिंग इंजिनाचा. ह्यूईचा दिवस.

इंजिन एकच, टी५३, १४०० अश्वशक्ती. दोन पात्यांचा रोटर, व्यास ४८ फूट. ऑटोपायलट नाही, स्थिर ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नाही, फक्त दांडा आहे तिथे धरून ठेवणारं फोर्स ट्रिमचं बटण. हात काढून चहाचा कप उचलायची सोय नाही.

पूर्ण वजन घेऊन निघालो. नालचिक साडेचारशे मीटरच्या आगेमागे, तिथे उचललं जातं, टॉर्कचा (इंजिन रोटरला देतं त्या पिळाचा) काटा ५० च्या लाल रेघेजवळ ठेवून का होईना. दरीतून चढतानाही तक्रार नाही, कारण पुढे वेग आहे आणि वेगात रोटरला वाहती हवा मिळते. खरी गोष्ट वर पोचल्यावर. फार्पच्या बाजूला जमिनीपासून उंच थांबायला गेलं की थांबता येतच नाही.

तेव्हा काय क्रमाने होतं ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं, कारण या यंत्राचा सगळा गुण त्या क्रमात आहे. आधी इंजिनाचा सूर खाली येतो. मिनिटाला ३२४ वर राहायला हवे ते रोटरचे फेरे उतरायला लागतात. मग नाक उजवीकडे सरकतं: मुख्य रोटर मंदावला की गिअरने त्याला जोडलेला शेपटीचा रोटरही मंदावतो, आणि ओढलेल्या कलेक्टिव्हचा टॉर्क मात्र वाढलेलाच असतो. डावं पेडल तळाला टेकतं. आणि मग कुठे कानात कमी फेऱ्यांचा इशारा वाजतो. म्हणजे हा इशारा यायच्या आधीच कान, डोळे आणि डावा पाय या तिघांना खबर मिळालेली असते. एवढं स्पष्ट बोलणारं मशीन मला दुसरं माहीत नाही.

उपाय जुना आहे. हवेत थांबायचंच नाही. वेग असा उतरवत आणायचा की तो संपतो तेव्हा स्किड (चाकांऐवजी असलेल्या नळ्या) जमिनीपासून हातभर वर असतील आणि ग्राउंड इफेक्टचा, म्हणजे जमिनीलगत दबलेल्या हवेचा, आधार मिळालेला असेल. नाहीतर वजन कमी करायचं. परतीचं इंधन धरून, थोडी ताकद हातात ठेवून, ह्यूई या जागी अर्ध्या टनाच्या आसपासच माल आणतं. तक्ता वाचून कुणाला पटणार नाही.

परतताना धार ओलांडली की सायक्लिक (हेलिकॉप्टर पुढे-मागे, बाजूला कलवणारी काठी) झटक्याने पुढे ढकलायची नाही, हेही लिहून ठेवतो. टीटरिंग, म्हणजे मधोमध सी-सॉसारख्या डुलणाऱ्या, रोटरला वजनहीन क्षण सोसत नाही. रोटरचं मधलं हब त्याच्या उभ्या दांड्यावर, मास्टवर, आदळतं आणि त्यापुढे सांगण्यासारखं काही उरत नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

वारा डाव्या अंगाने घेऊन तीच चाचणी. शेपूट कालच्यापेक्षा लवकर हातातून जाते. अमेरिकन रोटर वरून पाहिला तर घड्याळाच्या उलट फिरतो, त्यामुळे डावीकडून येणारा वारा वाईट. उजवीकडून घेतला की तोच माल निमूट उतरतो.

७ डिसेंबर, शनिवार

एमआय-८ ची चाचणी सुरू.

इंजिनं दोन, टीव्ही३-११७, टेकऑफला प्रत्येकी २००० अश्वशक्ती. पाच पात्यांचा रोटर, व्यास २१ मीटरांहून थोडा जास्त. पोटात २४ सैनिक किंवा चार टन माल. कॉकपिटमधल्या पाट्या रशियन, पण इंग्रजी पाट्यांचा पर्याय आहे, तो घेतला. उंची मीटरमध्ये, वेग किलोमीटरमध्ये. ह्यूईच्या फूट आणि नॉटनंतर हे घरच्यासारखं वाटतं.

हा रोटर घड्याळाच्या दिशेने फिरतो. कलेक्टिव्ह ओढला की उजवं पेडल. ह्यूईवर मुरलेल्या पायाला हे समजावायला वेळ लागतो, आणि हॉवरमध्ये यंत्र उजवीकडे किंचित कललेलं राहतं, तेही उलटं. आमच्याकडे नाशिकरोडला आर्मी एव्हिएशनचं ट्रेनिंग स्कूल आहे. चेतक आणि चीता ही मुळात फ्रेंच यंत्रं, त्यांचे रोटरही घड्याळाच्याच दिशेने फिरतात. ज्याचे पाय चेतकवर तयार झाले त्याला एमआय-८ परकं वाटणार नाही. परकं वाटेल ते ह्यूई.

इथल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. वायुसेनेत २०१२ पासून आलेलं एमआय-१७व्ही५ म्हणजे हे मॉड्यूल नव्हे. कुळ एकच. पण व्ही५ ची इंजिनं जास्त ताकदीची, कॉकपिट पडद्यांचं, आणि मागे शिंपल्यासारख्या दोन दारांऐवजी खाली उतरणारा रॅम्प. मॉड्यूलमध्ये ती शिंपल्याची दारं आहेत. सियाचिनच्या गोष्टी डोक्यात ठेवून हे उडवायला बसलं तर अपेक्षा थोडी खाली आणावी लागते.

८ डिसेंबर, रविवार

या कॉकपिटमधला सर्वांत हुशार डायल म्हणजे आयआर-११७, इंजिनाची ताकद दाखवणारा. त्यावर दोन्ही इंजिनांचे दोन खुणेचे बाण आणि मधल्या पट्टीवर क्रूझ, नॉमिनल, टेकऑफ अशा तीन पायऱ्या. गंमत अशी की मधली पट्टी स्थिर नसते. बाहेरचं तापमान आणि दाब बघून ती सरकते. म्हणजे ह्यूईमध्ये लाल रेघ जागची हलत नाही आणि हवा विरळ झालीय हे वैमानिकाने ओळखायचं. इथे डायल स्वतःच सांगतो की आज, या जागी, टेकऑफची ताकद इथवरच. दरी चढताना ती पट्टी कशी सरकते ते बघण्यासारखं आहे.

दुसरं हत्यार डॉपलर. डीआयएसएस-१५ च्या हॉवर इंडिकेटरवर जमिनीच्या संदर्भात पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली किती सरकतोय ते दिसतं. याची गरज का आहे ते शेवटच्या टप्प्यात कळतं. ५० किलोमीटरच्या खाली साधा वेगदर्शक काटा भरवशाचा राहत नाही, आणि नेमक्या त्याच टप्प्यात एमआय-८ ला व्होर्टेक्स रिंग गाठते. वेग संपलेला, खाली उतरण्याचा दर तीन-चार मीटर प्रतिसेकंद, की रोटर स्वतःनेच ढकललेल्या हवेत बुडतो. कलेक्टिव्ह ओढाल तर आणखी बुडतो. सिम्युलेटरमध्ये या यंत्राची निम्मी बदनामी यामुळेच झालीय.

बाहेर पडायचा रुळलेला मार्ग म्हणजे नाक खाली आणि पुढे वेग. पण अरुंद दरीत पुढे खडक असतो. स्विस वैमानिक क्लोद विशार यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत आडवी आहे: ताकद द्यायची, ती सांभाळायला पेडल द्यायचं आणि सायक्लिक शेपटीच्या रोटरचा जोर ज्या बाजूला ढकलतो त्या बाजूला टाकायची. ह्यूईत ती बाजू उजवी, एमआय-८ मध्ये डावी. दोन्हीकडे करून पाहिलं. उंची खूपच कमी जाते.

१४ डिसेंबर, शनिवार

पुण्याचा मित्र दुसऱ्या आसनावर आला. मॉड्यूल एकच उड्डाण दोघांत वाटू देतं.

माल अकरा टनांपर्यंत एकूण वजन होईल इतका. बाहेर फार्प, आत सात-आठ डायल, आणि माझी मान सारखी खाली-वर.

तो म्हणाला, "अरे, तू फक्त बाहेर बघ ना. आकडे मी वाचतो."

"बरं, खाली किती जातोय ते आणि डॉपलर, एवढंच. बाकी काही बोलू नकोस."

"तीन... अडीच... दोन. वेग वीस. डावीकडे सरकतोयस. दोन. दीड."

चाकं टेकली तेव्हा आयआर-११७ वर टेकऑफच्या खुणेपर्यंत थोडी जागा शिल्लक होती. मग तेरा टनांवर तेच केलं. तिथे मात्र हवेत उभं राहणं जमत नाही. ह्यूईसारखंच वेगात आणून टेकवावं लागतं. चाकं आहेत म्हणून पुढे थोडं धावत थांबता येतं, हा स्किडपेक्षा मोठा फायदा, जागा सपाट असेल तर.

हे यंत्र एकट्याचं नाही. खऱ्या एमआय-८ मध्ये दोन वैमानिकांच्या मधोमध फ्लाइट इंजिनिअर बसतो, तो उगाच नाही. एकट्याने उडवून त्याला वाईट म्हणणाऱ्यांनी एकदा शेजारी कुणाला तरी आकडे वाचायला बसवावं. चाचणी संपली की विकत घेणार.

२८ डिसेंबर, शनिवार

चिनूक.

दोन टी५५ इंजिनं, प्रत्येकी पावणेपाच हजारांच्या आसपास अश्वशक्ती. साठ फुटांचे दोन रोटर, तीन-तीन पात्यांचे, एकमेकांविरुद्ध फिरणारे. त्यामुळे शेपटीचा रोटर नाही आणि त्याला पोसायची ताकदही नाही, सगळी उचलण्याला. भारतात २५ मार्च २०१९ ला चंदीगडला पहिली तुकडी दाखल झाली ती याच एफ जातीची, एकूण पंधरा.

आठ टन माल भरून निघालो. दरीचा प्रवास ह्यूईला अर्ध्या तासाहून जास्त लागतो; हे वीस-पंचवीस मिनिटांत वर. फार्पवर थांबलं. नुसतं थांबलं. डिजिटल नियंत्रण यंत्रणा आणि मोठा पडदा यांच्या मध्ये मला फारसं काम उरलं नाही. वारा डावीकडून, उजवीकडून, मागून घेऊन पाहिला. फरक नगण्य.

मॉड्यूल अजून अर्ली ॲक्सेसमध्ये आहे, तेव्हा आतल्या यंत्रणांवर निकाल देत नाही. उड्डाणाबद्दलच लिहितो.

४ जानेवारी २०२५, शनिवार

आज चिनूकचं वजन कमालीपर्यंत नेलं, कारण परवा एवढं सहज झालं ते मला खटकलं होतं.

खटकायला हवंच होतं. ह्यूई दम लागल्यावर आधी बोलतं. एमआय-८ डायलवर दाखवतं. चिनूक शेवटपर्यंत सुशेगाद. नाक स्थिर, पडद्यावर सगळं जागेवर, फक्त टॉर्कचा टक्का चढत जातो, आणि तो वाचला नाही तर दुसरं कुठूनही काही कळत नाही. पेडलला काही नाही, कानाला फारसं नाही. टॉर्क कमालीला पोचला आणि तरी खाली जाणं थांबलं नाही, की वीस टनांचं यंत्र निवांतपणे, सरळ नाकाने, बसत जातं. स्थिरता देणारी यंत्रणा वैमानिकाची चूक लपवत नाही, पण हवेची बातमी लपवते.

म्हणून यापुढे चिनूकसाठी नियम: दरीच्या तोंडाशीच, वेग कमी करून, जमिनीपासून दूर, एकदा हॉवर करून टॉर्क वाचायचा. तिथे जेवढी जागा उरते त्यातून वरच्या उंचीचा वाटा वजा करायचा. मग पुढे जायचं की नाही ते ठरवायचं. खरे वैमानिक हे जमिनीवर तक्त्यांतून काढतात आणि हवेत पडताळतात.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ वाटून झाल्यावर धारेवरची जागा.

इथे चिनूकला तोड नाही. मागची दोन चाकं कड्याच्या काठावर, पुढचं सगळं शरीर हवेत, रॅम्प खाली. अफगाणिस्तानातली अशी छायाचित्रं सगळ्यांनी पाहिलेली असतात. पहिल्या आसनावरून मागची चाकं दिसत नाहीत, म्हणून बाजूच्या एका खडकाची खूण धरली. तीच जागा एमआय-८ ला देऊन पाहिली. शेपटीचा रोटर दगडांच्या इतका जवळ येतो की माल उतरवणाऱ्यांच्या अंगावर काटा यावा. ह्यूई तिथे एका स्किडवर टेकून चार माणसं उतरवतं आणि निघतं. हलकं असेल तर.

२६ जानेवारी, रविवार

टॅकव्ह्यू या उड्डाणाची नोंद पुन्हा दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तिन्ही हेलिकॉप्टरांचे शेवटचे टप्पे शेजारी लावून बघितले. उतरण्याची रेघ ह्यूईची सर्वांत उथळ, एमआय-८ ची पायऱ्यापायऱ्यांची आणि चिनूकची जवळजवळ पट्टीने आखलेली. वेगळेपण यंत्रांत आहेच, पण माझ्या भीतीतही आहे: ज्याने मला जास्त सांगितलं त्याच्याबरोबर मी जास्त जपून उतरलोय.

माल पोचवायचा असेल तर चिनूक, वाद नाही. एमआय-८ दोघे असलो तरच, आणि तेव्हा मला सर्वांत जास्त मजा त्यातच येते. कुणी नवा विचारायला आला की कोणतं आधी घेऊ, तर ह्यूई सांगेन, चिनूक मुळीच नाही.

राहिलंय ते लटकत्या मालाचं. चिनूकला तीन हुक आहेत, मधला २६००० पौंडांचा, पुढचा-मागचा १७००० पौंडांचा, ह्यूईला एकच. झोका घेणारं ओझं आणि विरळ हवा एकत्र आली की वरचं सगळं पुन्हा तपासावं लागेल. त्यासाठी मिशन वेगळं करतोय, नालचिकऐवजी बेसलानहून, आणि दोरीची लांबी तिघांना सारखीच.